काठावरची तिरकी रेघ

“एकाच बिंदूतून निघालेत ना? मग संलग्नच की!” लेक वहीवर वाकून धुसफुसत होती. मोठ्या कोनाच्या पोटातल्या लहान कोनाला तिनं त्याचा शेजारी ठरवलं होतं.

मी ब्लाऊजचं बेतणं थांबवून कापडाच्या सरळ काठापासून खडूची तिरकी रेघ ओढली. “ही भुजा दोघांची. एक कोन अलीकडे, एक पलीकडे. एकमेकांच्या अंगावर चढायचं नाही, तरच संलग्न. खालचा काठ सरळ, म्हणून रेषीय जोडी, दोघांची बेरीज एकशे ऐंशी. हा सत्तर, तर तो?”

“एकशे दहा! तुला गं कसं येतं?”

“तू शाळेत गेलीस की तुझं पुस्तक वाचते. माझी शाळा नववीपर्यंतच झाली.”

“मग दहावी का नाही दिलीस?”

हा प्रश्न आला की घरात कुणाला तरी गॅसवरचं दूध आठवतं. मी उठणारच होते, तेवढ्यात सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“मला सुनेची घाई होती. हिची शाळा मी सोडायला लावली,” त्या नातीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “चुकलंच माझं. यंदा बाहेरून दहावीला बस तू.”