उजवा बूट

धोंडीराम सरांनी हात पुढे केला, की प्रणालीनं मुकाट्यानं उजव्या पायातला बूट काढून त्यांच्या हातात द्यायचा. गेले तीन महिने रोज सकाळी प्रॅक्टिसला हेच चाललं होतं. उजवा पाय अनवाणी, म्हणजे बॉल मारायचा तो डाव्यानंच.

"उजव्या पायानं अकरा गोल मारलेत मी, सर," ती पहिल्याच दिवशी फणकारली होती.

"ते साऱ्या कोल्हापूरला ठाऊक आहे, पोरी. म्हणून तर बूट माझ्याकडं."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं ती सोबत खेळणाऱ्या मुबीनाला रोज सांगायची.

आज फायनल. दोन मिनिटं उरली होती आणि गोल एकही झाला नव्हता. बॉल प्रणालीच्या पायात आला, तशा समोरच्या दोघी तिचा उजवा पाय अडवायला धावल्या. गोलसमोर मुबीना एकटी मोकळी राहिली. विचार करायला वेळच नव्हता. प्रणालीच्या डाव्या पायानं अलगद पास दिला आणि मुबीनानं तो थेट जाळ्यात धाडला.

शेवटची शिट्टी वाजली, तशा साऱ्या पोरी मुबीनाला उचलून नाचू लागल्या. प्रणाली मात्र धावत मैदानाच्या कडेला सरांपाशी गेली आणि खाली वाकली. पाया पडतेय असं वाटून ते "असू दे, असू दे" म्हणत मागं सरले.

तिनं उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला.

"हा तुमच्याकडंच राहू दे, सर. उद्या सकाळी येतेच मी."