कड्याखालच्या रेतीतला दात

वाचनालयातल्या काचेच्या पेटीचं कुलूप किल्लेदारानंच बसवलं होतं, आणि आज त्यालाच ते उघडता येईना. किल्ली दोनदा उलटीच घातली.

"जन्मभर लोकांची कुलपं उघडलीस, आणि आपल्याच कुलपापुढे हात टेकलेस?" घड्याळवाला मागून हसला.

किल्लेदार ही पदवी त्याचीच देणगी. तीस वर्षं दोघांची दुकानं शेजारी. एक किल्ल्या घासायचा, दुसरा घड्याळं दुरुस्त करायचा. उद्या घड्याळवाला कायमचा लेकीकडे राहायला निघाला होता. जाण्याआधी तो दात एकदा बघू दे, म्हणाला.

पेटीत दात होता. माणसाचा मागमूसही नव्हता तेव्हा समुद्रात फिरणाऱ्या, घराएवढ्या शार्कचा. तळहात झाकेल एवढा, निळसर काळा, दगड झालेला. कडेचे करवतीसारखे दाते अजून बोटाला लागतील असे. खाली पाटी होती: 'शोधून काढणारा' आणि किल्लेदाराचं नाव.

ती पाटी त्याला रोज खात होती. बायको तर सकाळीच म्हणाली होती, "अहो, आज तरी सांगून टाका. लोक शार्कला घाबरतात ते जिवंत शार्कला. तुम्हाला मेलेल्याचा एक दात सहा वर्षं चावतोय!"

दर सुट्टीच्या सकाळी, ओहोटीला, दोघं कड्याखाली जात. तिथं शोधत बसायला वेळ नसे. पाणी लगेच परत येई. म्हणून दोघं आपापल्या कापडी पिशवीत रेती भरून आणत आणि घरी चाळणीत धूत. ज्याच्या पिशवीत जे निघेल ते त्याचं. पिशव्या एकाच कापडाच्या, घड्याळवाल्याच्या बायकोनं शिवलेल्या. ओळख एवढीच, की किल्लेदार सैल गाठ मारी आणि घड्याळवाला दुहेरी, घट्ट.

बारा वर्षं घड्याळवाल्याला एकाहून एक दात मिळाले. त्याच्या वडिलांनाही तोच नाद होता. घरी दातांची पेटीच होती. किल्लेदाराच्या चाळणीत मात्र नखाएवढे तुकडे. शेवटी एका सकाळी तो वैतागून म्हणाला, "बास झालं. माझ्या नशिबात नुसती वाळू. पुढच्या वेळेपासून तू एकटाच ये."

त्याच दिवशी घरी येऊन त्यानं पिशवी सोडायला घेतली. गाठ दुहेरी होती. पिशव्यांची अदलाबदल झालेली. परत नेऊन द्यावी म्हणून तो उठलाही. पण बोटांना आत काहीतरी जड, टोकदार लागलं, आणि तो पुन्हा खाली बसला. मोह आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच घड्याळवाला दारात. "काय निघालं रे?"

"काही नाही. वाळू."

"नीट चाळलीस ना?"

"चाळली की."

"पुन्हा एकदा बघ हवं तर."

चोराच्या मनात चांदणं. याला संशय आला, असंच किल्लेदारानं धरलं. महिन्याभरानं त्यानं दात बाहेर काढला. पलीकडच्या टोकाला एकट्याला सापडला म्हणून सांगितलं, आणि वाचनालयाला देऊन टाकला. घड्याळवाला एवढंच म्हणाला, "छान झालं." त्यानंतर किल्लेदार त्याच्याबरोबर कधी कड्याखाली गेला नाही. कधी गुडघा, कधी पाहुणे. सगळ्या कुलपांना किल्ली मिळते. पण पाप मनात कोंडलं, की कडी आतून लागते, आणि ती ज्याची त्यानंच काढावी लागते.

आता कुलूप उघडलं. किल्लेदारानं दात उचलून मित्राच्या हातावर ठेवला. वर बघायची हिंमत झाली नाही.

"हा तुझा आहे. त्या दिवशी आपल्या पिशव्या बदलल्या. मला गाठीवरून कळलं होतं. तरी ठेवून घेतला. वर खोटं बोललो. पाटी मी आजच काढतो. तू मला हवं ते बोल, पण बोलून जा."

घड्याळवाल्यानं दात उलटा केला, मुळावरून अंगठा फिरवला.

"म्हणून तू येईनासा झालास?"

किल्लेदारानं मान हलवली.

"आणि मी समजत होतो, तू मला ओळखलंस, आणि तुला राग आला. फसवलं म्हणून."

"तू? तू काय फसवलंस मला?"

घड्याळवाल्यानं दात हलकेच त्याच्या मुठीत परत ठेवला आणि मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"पिशवी तुझीच होती रे, गाठ तेवढी सवयीनं माझी पडली. तू यायचं सोडशील म्हणून, वडिलांच्या पेटीतला हा दात मीच तिच्यात घातला होता."