शाळेच्या विहिरीतला थेंब

अडतीस साली निपाणीच्या आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. त्या दिवशी शाळेच्या विहिरीतल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला होता आणि मुलं आळीपाळीनं डोळा लावून त्यातला एका पेशीचा जीव सरकताना बघत होती. राजमती मागं बसून होती. लहानपणी देवीत तिचे डोळे गेले होते. तिच्यासाठी मी घरून कणकेचा गोळा आणला होता. तो तिच्या तळहातावर थापला आणि मधोमध मुगाचा दाणा दाबला. "ही पेशी. दाणा म्हणजे तिचं केंद्रक. आता कड जरा पुढं ओढ. ती अशीच चालते." तिनं कड हलकेच ओढली आणि थांबली. "सर, काचंवरची जित्ती हाय?" "आहे की." "मग थेंब वाळायच्या आत सोडूया तिला." जैनाघरची पोर. पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव विहिरीत परत सोडायचे, हे तिचं घरचं रोजचं काम. मी काच तांब्याभर पाण्यात बुडवली आणि तिला घेऊन विहिरीवर जाऊन तांब्या ओतायला वाकलो, तर तिनं माझं मनगट धरलं. "वरनं नको, सर. ही धरा जरा." कणकेची पेशी माझ्या हातात देऊन तिनं तांब्याला दोर बांधला, कठडा चाचपला आणि दोर सावकाश खाली सोडला. पाण्याला टेकल्यावर तांब्या आपसूक कलंडला. "उंचावरनं पडलं तर लागतं त्यास्नी," ती म्हणाली. मी कणकेवरची मूठ सैल केली.