पुंडलिक सर

मराठी कीबोर्डच्या ओपन सोर्स प्रकल्पातली एक चूक अपेक्षाने दुरुस्त करून पाठवली. ग्रुपवर उत्तर आलं, "ताई, तुम्ही भाकऱ्या थापा." तिने तक्रार केली, कुणी दखल घेतली नाही. मग तीच दुरुस्ती तिने सासऱ्यांच्या नावाने पाठवली. "वा, पुंडलिक सर," म्हणत ग्रुपने ती लगेच घेतली.

आज त्याच ग्रुपचा सरांना मेल आला. धरमतरच्या मिठागरातून परतलेले सासरे पायांचा चिखल धूत होते.

"काय लिवलाय गो?"

"सभ्य वागणुकीचे नियम केलेत. तक्रारी बघणाऱ्या समितीचे प्रमुख तुम्ही."

तिने पुढचं वाचलं. "सर, पहिली तक्रार किरकोळ आहे. कुणी अपेक्षा म्हणून बाई आहे, उगाच कांगावा करते. तुम्हीच जरा समज द्या."