पंच फाटकापाशी पोचायच्या आत

चेंडू उजवीकडच्या कुंपणावर आदळला, दोन पोरं धापा टाकत धावा पुऱ्या करून आली आणि नेब्रास्कातल्या त्या छोट्या कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर एकच कल्ला झाला. नववा म्हणजे शेवटचा डाव, तीनांतले दोन बाद, एका धावेने मागे, आणि तिथून सामना खेचून आणलेला. जिंकणारा संघ शनिवारी विभागीय स्पर्धेला जाणार होता, हरणाऱ्याचा मोसम इथेच संपणार होता. म्हणजे हावेल्का कोचची निवृत्तीही आठवडाभर पुढे गेली. छत्तीस वर्षं पोरं घडवणाऱ्या माणसाला सुखासुखी घरी बसवायची गावाची तयारीच नव्हती.

समोरच्या संघाचा कोच कर्ट लिंडग्रेन मात्र हातातल्या, फलंदाजीचा क्रम टिपलेल्या कार्डाकडे बघत उभा होता.

सातव्या डावात हावेल्कांनी एकदम दोन खेळाडू बदलले होते. ओल्सन सहाव्या जागी, रीस आठव्या, असं त्यांनी पंचाला सांगितलं आणि कर्टने ते टिपून घेतलं. स्वतःच्या बाकामागच्या भिंतीवर पोरांसाठी लावलेल्या यादीत मात्र हावेल्कांच्या हातून उलटं लिहिलं गेलं असावं. कारण आता सहाव्याच्या पाळीला खेळायला आला तो रीस, आणि सामना जिंकून देणारा फटकाही त्याचाच. पाळी नसताना मारलेला फटका धरत नाहीत. ज्याची पाळी होती तो बाद. म्हणजे तिसरा बाद, आणि सामना कर्टच्या पोरांचा.

फक्त तक्रार त्याने करायला हवी होती, आणि पंच मैदान सोडायच्या आत. पंचाला चूक दिसली तरी तोंड उघडायची त्याला मुभा नाही.

कर्ट याच मैदानावर चार वर्षं खेळला होता. कार्ड टिपायची सवय हावेल्कांनीच त्याला कान पिळून लावली होती. त्याने कार्डाची घडी केली आणि मागच्या खिशात घातली.

"काय झालं?" त्याच्या मदतनिसाने विचारलं.

"काही नाही. सामान भरायला घ्या."

तेवढ्यात हावेल्का नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून बाहेर पडले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, अंगात पोरांसारखाच गणवेश, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. सामना संपला की भिंतीवरची यादी आपल्या हाताने काढायची ही त्यांची रीत. ती यादी हातात घेऊन ते मैदान ओलांडून थेट कर्टसमोर येऊन उभे राहिले.

"तुझ्या कार्डावर आठव्या जागी कोण आहे?"

कर्टने वाकून जमिनीवरची बॅट उचलली.

"तुला विचारतोय मी."

"रीस," कर्ट म्हणाला. "जाऊ द्या ना कोच. पोरं खूश आहेत."

"माझी आहेत. तुझी?"

कर्टची पोरं टॉवेलात तोंड खुपसून बाकावर बसली होती. त्यातल्या चौघांचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष होतं.

"मला काही द्यायचंच असेल तर तुझं दे, लेका. त्यांच्या खिशात कशाला हात घालतोस?" हावेल्का म्हणाले. "आमच्या बाजूने तक्रार चालत नाही, नाहीतर तुझी वाट बघत बसलो नसतो. पळ. पंच फाटकापाशी पोचलेत."

कर्ट पळाला. मुख्य पंचाने फाटकाच्या कडीवरचा हात काढला, कर्टचं बोलणं ऐकलं, आपलं कार्ड बघितलं आणि मूठ वर केली. बाद.

कल्ला विझला, मग शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी शेंगदाण्यांची पिशवी कर्टच्या पाठीत मारली. हावेल्का आपल्या पोरांसमोर गेले.

"रीस, फटका अस्सल होता. चूक माझी आहे. सगळ्यांनी ऐकलं? माझी. आता रांगेत उभे राहा."

सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेने एकमेकांशी हात मिळवतात. रडवेली पोरं रांगेत उभी राहिली, रीससुद्धा. दोन्ही कोच सगळ्यांच्या शेवटी. एवढ्या मोठ्या माणसाचा शेवटचा पराभव आपल्या हातून व्हावा, हे कर्टला सोसवत नव्हतं.

"कोच, मी..."

हावेल्कांनी त्याचा हात घट्ट धरला.

"माझं वय झालं, म्हणून चुकलो. तू मात्र समजूनसवरून चुकत होतास. शनिवारी असं करू नकोस," ते म्हणाले. "तिथे तुला सांगायला मी नसणार."