बूच

काचेच्या नळीत पाणी चढत होतं. खाली चंबू, चंबूच्या तोंडात रबरी बूच, बुचातून वर आलेली ती बारीक नळी. मास्तरांनी चंबू काठोकाठ भरून शेगडीवर ठेवला होता आणि नळीवर शाईची खूण केली होती. पाणी आता खुणेच्या चार बोटं वर गेलं होतं.

"वरून कुणी पाणी ओतलं?" मास्तरांनी विचारलं. "नाही. तापलं म्हणून ते फुगलं. तापलेल्या पाण्याला जागा जास्त लागते. हवा दाबली तर दबते. पाणी दबत नाही. जागा मिळाली नाही, तर ते भांडं फोडतं."

प्लंबिंगच्या त्या वर्गात वीस पोरं होती आणि एक बाई. पोरं तिला काकू म्हणत. काकूचा नवरा अठरा वर्षं प्लंबर होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं हत्यारं पोत्यात बांधली, ती पुन्हा सोडलीच नाहीत. चार ठिकाणची धुणीभांडी करून ती थकली आणि शेवटी तिनंच पाना हातात घ्यायचं ठरवलं. नवरा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तो हल्ली कशालाच काही म्हणत नसे.

मास्तरांनी फळ्यावर मोठा गिझर काढला. त्याच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व काढला.

"पाणी तापतं तेव्हा हा व्हॉल्व थेंब थेंब गळतो. गिऱ्हाईक म्हणतं, काम कच्चं झालंय. काय कराल?"

"बूच मारायचं," मागून एक पोरगा म्हणाला. वर्ग हसला.

मास्तर हसले नाहीत. "तो गळतो म्हणजे तो त्याचं काम करतोय. त्याचं तोंड बंद केलंत, की एक दिवस पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडेल, पाणी तापतच राहील आणि टाकी फुटेल. आतली माणसं वाचली तर नशीब."

काकूचं पेन वहीवर जिथं होतं तिथंच राहिलं.

सहा वर्षांपूर्वी ती मुलींच्या होस्टेलमध्ये झाडलोट करायची. तिथला नवा गिझर तिच्याच नवऱ्यानं बसवला होता. आठवडाभरात त्या व्हॉल्वखाली फरशीवर ओल दिसायला लागली. होस्टेलच्या बाई येता-जाता म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याचं काम बघ, आत्तापासून गळतंय." चारचौघींत ऐकावं लागायचं. एका सकाळी तिनं नवऱ्याच्या पिशवीतून एक पितळी बूच घेतलं. त्याला टेप गुंडाळला. प्लंबरची बायको होती ती, एवढं तिला येत होतं. बूच घट्ट बसलं, फरशी कोरडी झाली. नवऱ्याची अब्रू राखली म्हणून ती दिवसभर मनात खूश होती. घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

अकराव्या दिवशी थर्मोस्टॅट बिघडला आणि टाकी फुटली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. स्वयंपाकीणबाई भाजल्या. उजवा डोळा गेला. टाकीच्या चिंध्या झाल्या होत्या, व्हॉल्व कुणाला सापडलाच नाही. चौकशीत नवरा खाली मान घालून म्हणाला, "व्हॉल्व मी तपासून घ्यायला हवा होता. चूक माझी." त्यानंतर त्याच्या हाताला कंप सुटला.

आणि ते बूच तिला आज, या क्षणापर्यंत, एकदाही आठवलं नव्हतं.

"मास्तर, मी घरी जाते," ती उठून म्हणाली.

नवरा खिडकीशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. तिनं चपला काढल्या नाहीत. दारातच उभी राहून सांगितलं.

"अहो, त्या व्हॉल्वला बूच मी बसवलं होतं. होस्टेलच्या. गळत होता म्हणून."

त्याच्या हातातली घडी अर्धवट राहिली. मग प्लंबरनं विचारावं तसं त्यानं विचारलं, "हातानं?"

"पान्यानं. टेप लावून."

"गळत कधी होता? सकाळी, पाणी तापताना?"

"हो."

"म्हणजे व्हॉल्व चांगला होता," तो हळूच म्हणाला. "मी बसवलेला व्हॉल्व चांगला होता."

तो रागवेल, हात उगारेल, घराबाहेर काढेल, असं सगळं ती वाटेत येताना मनाशी धरून आली होती. तसं काहीच झालं नाही. त्यानं राहिलेली घडी पुरी केली, कपडे बाजूला सारले आणि तिथंच भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. सहा वर्षांत भर दुपारी तो असा कधी झोपला नव्हता. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता.

आपण बसलो तर पुन्हा उठणार नाही, हे तिला कळलं. ती तशीच मागे फिरली.

स्वयंपाकीणबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. नवरा ती गल्ली टाळून लांबच्या वाटेनं जायचा. काकू मात्र अधूनमधून डोकावायची, औषध आणून द्यायची, आणि बाई दर वेळी तिचीच समजूत काढायच्या, नवऱ्याच्या चुकीला तू काय करणार म्हणून.

दार उघडलं. बाईंनी डावा डोळा बारीक करून पाहिलं आणि ओळख पटल्यावर हसल्या. भाजलेल्या गालामुळे त्यांचं हसू एकाच बाजूला यायचं.

"एकटीच आलीस? त्यांनाही आण ना एकदा. किती दिवस तोंड लपवतील? सांग त्यांना, मी कधीच माफ केलंय."

काकूनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"त्यांना माफ करू नका, बाई," ती म्हणाली. "त्यांचं काही चुकलंच नव्हतं."