बाई कोण होणार?

आमची ही वारली. ती शिकवायची त्याच सरकारी शाळेत आता आमची मुलगी शिकवते. "हे मास्तर फुकटचं खातात आणि तुमची पोरं बिघडवतात," असं एक पुढारी सभेत बोलला, तेव्हापासून शाळेच्या फाटकावर रोज माणसं जमून आरडाओरडा करतात.

संध्याकाळी नात अंगणात मैत्रिणींबरोबर शाळा-शाळा खेळत होती. पूर्वी बाई व्हायला मुली भांडायच्या.

"मी नाही हं, कालच झाले होते!"

"मग जिच्यावर राज्य, ती बाई."

राज्य नातीवर आलं. बाकीच्या रस्त्यावर जाऊन आमचं फाटक बडवत ओरडू लागल्या, "बाई, बाहेर या!"

मला हसू आलं. तेवढ्यात मुलगी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"बाबा, पोरीला आधी आत घ्या. त्यांना आपलं घर सापडलं."